पाटण्याचे भग्न महादेव मंदिर : ‘हेमाडपंती’ या शब्दाआडचा इतिहास

नांदगावहून भुसावळकडे जाणारी गाडी नायडोंगरी, हिरापूर ही स्थानके मागे टाकून चाळीसगावला पोहोचते. हे अंतर जेमतेम ४०-४२ किलोमीटरचे आहे. चाळीसगावच्या नैर्ऋत्येस सुमारे १८ किलोमीटरवर, डोंगररांगेच्या अगदी कुशीत, पाटणे हे गाव आहे. पाटणादेवीच्या यात्रेमुळे हे नाव आपल्या परिसरात घरोघर ठाऊक आहे. सहलीच्या निमित्ताने आपल्यापैकी पुष्कळांनी तेथील धबधबे आणि डोंगर पाहिले असतील. पण देवीच्या वाटेवर उभे असलेले महादेवाचे पडके मंदिर थांबून पाहणारे थोडे, आणि त्याविषयी विचारले तर “जुने हेमाडपंती देऊळ आहे” एवढ्या उत्तरावर समाधान मानणारे फार.

हे उत्तर कितपत खरे आहे, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. कारण या मंदिराच्या बाबतीत आपल्याला तर्क करण्याची गरजच नाही. ते कोणी बांधावयास घेतले, कोणाच्या काळात पुरे झाले आणि कोणत्या शकात, हे तेथील शिलालेखच सांगतो. लेख उपलब्ध असताना आपण मात्र एका सोयीच्या शब्दाने खऱ्या बांधणाऱ्यांची नावे पुसून टाकतो.

स्थळ आणि त्याचे महत्त्व

आज पाटणे हे आडबाजूचे, जंगलाने वेढलेले ठिकाण वाटते. १९८६ साली हा सगळा डोंगरी भाग गौताळा-औट्रमघाट अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पण प्राचीन काळी हे आडरान नव्हते. दख्खनच्या पठारावरून खानदेशच्या सखल प्रदेशात उतरणाऱ्या वाटा याच डोंगरातून येत. याच परिसरात डोंगरकड्यावर पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. त्यांतील सर्वांत जुनी लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरलेली आहेत, आणि त्यांतील दानलेखांत पैठणच्या एका गंधिकाच्या, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या, कुळाचा उल्लेख आहे. पैठणचा व्यापारी येथे दान देतो याचा अर्थ त्याचा माल या वाटेने जात-येत असला पाहिजे. घाटाच्या तोंडाशी वस्ती वाढते, जकात गोळा होते, बाजार भरतो आणि बाजाराच्या आधाराने देवळे उभी राहतात. ‘पाटण’ या शब्दाचा अर्थच नगर असा आहे.

वाटा बदलल्या की नगरांचे दैवही बदलते, याचे उदाहरण आपल्याला दूर शोधावयास नको. मनमाडहून औरंगाबादकडे जाणारा लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. त्यापूर्वी वेरूळची लेणी पाहावयास येणारे प्रवासी आपल्या नांदगाव स्थानकावर उतरत आणि तेथून टांग्याने पुढे जात. जुन्या इंग्रजी प्रवासी-मार्गदर्शिकांत वेरूळचे स्थानक म्हणून नांदगावचेच नाव आढळते. नवा मार्ग झाला आणि तो ओघ आटला. पाटण्याच्या बाबतीत हेच मोठ्या प्रमाणावर आणि काही शतके आधी घडले.

शिलालेख काय सांगतो?

बाराव्या शतकात हा प्रदेश निकुंभ घराण्याच्या ताब्यात होता. हे राजे स्वतःला सूर्यवंशी म्हणवीत. त्यांच्या अमलाखाली खानदेशातील १,६०० गावे होती, असे त्यांचे लेख सांगतात. पुढे देवगिरीच्या यादवांचे मांडलिक म्हणून ते नांदले. या घराण्याची जी वंशावळ आज इतिहासाच्या ग्रंथांत दिली जाते, तिचा मुख्य आधार पाटण्याचे कोरीव लेखच होत.

महादेव मंदिराचा लेख शके १०७५, श्रीमुख संवत्सर, म्हणजे इ. स. ११५३ चा आहे. त्यात कृष्णराज, गोवन, गोविंदराज, दुसरा गोवन, दुसरा कृष्णराज आणि इंद्रराज अशी पिढ्यांची नावे येतात. शिवाचे हे मंदिर इंद्रराजाने बांधावयास घेतले. ते पुरे होण्यापूर्वीच त्याचा मृत्यू झाला. मुलगा गोवन, म्हणजे या नावाचा तिसरा, तेव्हा लहान होता. अशा वेळी इंद्रराजाची विधवा राणी श्रीदेवी हिने राज्याचा कारभार हाती घेतला. ती सगर वंशातील होती, असे लेख म्हणतो. पतीने आरंभिलेले मंदिर पुत्र गोवन याच्या कारकिर्दीत पूर्णतेस गेले.

या चार-पाच विधानांत केवढा इतिहास सामावला आहे! अल्पवयी राजा गादीवर असताना राज्य टिकविणे हे मध्ययुगात सोपे काम नव्हते. शेजारचा बलाढ्य राजा आणि घरातील भाऊबंद अशाच संधीची वाट पाहत असत. श्रीदेवीने राज्य सांभाळले आणि मंदिराचे कामही बंद पडू दिले नाही. मंदिराचे काम चालू राहणे याला त्या काळी राजकीय अर्थही होता. पाथरवटांना मजुरी मिळते आहे, गावोगावचा वसूल येतो आहे आणि राजसत्ता स्थिर आहे, हे प्रजेला व शेजाऱ्यांना त्यातून दिसत असे. आपल्या इतिहासात स्त्रियांनी चालविलेल्या राज्यकारभाराची उदाहरणे देताना आपण थेट सतराव्या-अठराव्या शतकापासून आरंभ करतो. आपल्यापासून दीड-दोन तासांच्या अंतरावर बाराव्या शतकातील एक उदाहरण दगडावर कोरलेले आहे, त्याचाही उल्लेख व्हावयास हवा.

मंदिराची रचना

मंदिर पूर्वाभिमुख असून उंच जोत्यावर उभे आहे. मुखमंडप, मंडप, अंतराळ आणि गर्भगृह हा त्याचा क्रम आहे. बांधकाम काळ्या दगडाचे, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या बेसाल्टचे आहे. शिखर ढासळले आहे. त्यामुळे हे मंदिर मुळात कसे दिसत असेल याची कल्पना करण्यासाठी त्याच्या भावंडांकडे पाहावे लागते. सुदैवाने ती आपल्याच जिल्ह्यात आहेत. मालेगाव तालुक्यात महामार्गाजवळ झोडगे येथे माणकेश्वराचे मंदिर आहे. सिन्नरला गोंदेश्वराचे मंदिर तर पंचायतन आहे. मध्ये शिवाचे मुख्य मंदिर, चार कोपऱ्यांत चार लहान मंदिरे, समोर नंदीमंडप आणि भोवती प्राकार, असा सगळा परिवार तेथे आजही पाहावयास मिळतो.

या दोन्ही मंदिरांची शिखरे ‘भूमिज’ प्रकारची आहेत. हा शब्द शिल्पशास्त्राचा असला तरी त्याचा अर्थ समजण्यास अवघड नाही. शिखराच्या चारही बाजूंना मध्यभागी खालपासून वरपर्यंत एक सलग नक्षीदार पट्टा जातो. त्याला ‘लता’ म्हणतात. अशा दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत लहान लहान शिखरांच्या रांगा एकावर एक रचलेल्या असतात. त्यांतील प्रत्येक आडवी रांग म्हणजे एक ‘भूमी’, म्हणजेच मजला. वर जाताना ही लहान शिखरे आकाराने कमी होत जातात आणि अखेरीस माथ्यावरील आमलकाशी येऊन मिळतात. ही शैली माळव्यातील परमार राजांच्या आश्रयाने बहरली. परमार राजा उदयादित्य याने अकराव्या शतकात उदयपूर येथे बांधलेले उदयेश्वर मंदिर हा तिचा प्रसिद्ध नमुना होय. माळव्यातून दख्खनमध्ये येणारी वाट खानदेशातूनच येते. मालाबरोबर आणि सैन्याबरोबर पाथरवटांची विद्याही याच वाटेने आली असली पाहिजे, असे या मंदिरांची मांडणी पाहून वाटते.

आता भिंतीकडे पाहू. या घडणीच्या मंदिरांची बाहेरची भिंत कधीही सरळ नसते. ती पुढे येते, मागे जाते, पुन्हा पुढे येते. या कोनांमुळे दोन गोष्टी साधतात. एक, उन्हाच्या प्रत्येक प्रहरात भिंतीवर छाया-प्रकाशाचे उभे पट्टे पडतात आणि जड दगडी वास्तू हलकी वाटते. दुसरी, खालच्या भिंतीचे हेच कोन वर शिखरात जसेच्या तसे चढत जातात. त्यामुळे शिखर पडले असले तरी जोत्याचे कोन मोजून त्याची मांडणी बरीचशी ठरविता येते. जाणकार अभ्यासक पडक्या मंदिरातही पायापासून पाहणी सुरू करतात, त्याचे कारण हेच.

दगड एकमेकांना जोडण्यासाठी चुना वापरलेला नसतो. प्रत्येक दगड घासून-तासून असा बसविलेला असतो की वरच्या दगडाच्या वजनानेच खालचा पक्का व्हावा. छतासाठी खरी कमान नसते. चार खांबांवर तुळया टाकून त्यांच्यावर दगडाचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकविलेला असतो, आणि असे करीत करीत मधली पोकळी झाकलेली असते. या पद्धतीत सगळा खेळ तोलाचा आहे. तोल सांभाळला तर नऊशे वर्षे काही होत नाही. पण पिंपळाच्या एका मुळीने एखादा दगड बोटभर सरकविला, पायाखालची माती वाहून गेली किंवा घरबांधणीसाठी कोणी खालचा घडीव दगड काढून नेला, की त्याच्यावरचे सगळे थर एकामागून एक खाली येतात. मंदिर पडके दिसले की कोणीतरी ते फोडले असेल असे आपण चटकन म्हणतो. पुष्कळदा वर्षानुवर्षांचा पाऊस, झाडांची मुळे आणि माणसांचे दुर्लक्ष यांनीच ते काम केलेले असते.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. पाटण्याचे मंदिर पुरे झाले त्याच्या १९ वर्षे आधी, ११३४ साली, दूर आयर्लंडमध्ये कॅशेल येथील टेकडीवर कॉर्मॅक नावाच्या राजाने बांधविलेल्या दगडी प्रार्थनामंदिराची प्रतिष्ठापना झाली. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ गॅलरस येथे तर चुन्याशिवाय, एकावर एक थर आत सरकवीत बांधलेले लहानसे प्रार्थनागृह आजही उभे आहे. त्या देशातील शेकडो मध्ययुगीन प्रार्थनामंदिरे छप्पर गेलेल्या अवस्थेत गवतात उभी आहेत. एकमेकांचे नावही न ऐकलेले पाथरवट दोन टोकांना दगडाचा तोल सांभाळण्याची एकच युक्ती वापरीत होते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

‘हेमाडपंती’ हा शब्द

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हेमाद्री किंवा हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या लेखनविभागाचा प्रमुख होता. महादेव आणि रामचंद्र या दोन राजांच्या पदरी त्याने काम केले. ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा धर्मशास्त्रावरील त्याचा प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध आहे. महादेव यादव १२६० च्या सुमारास गादीवर आला. म्हणजे पाटण्याचे मंदिर पुरे झाले त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी हेमाद्रीचा काळ सुरू होतो.

पाटण्याचे उदाहरण एकटे नाही. अंबरनाथच्या शिवमंदिरातील लेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. नाशिकजवळ अंजनेरी येथील भग्न मंदिरसमूहात शके १०६३ चा लेख आहे. त्यात यादव राजा सेउणचंद्र याने चंद्रप्रभ तीर्थंकराच्या मंदिराला दुकाने दान दिल्याचे नमूद केले आहे, आणि वत्सराज नावाच्या व्यापाऱ्याच्या दानाचाही उल्लेख आहे. तीन ठिकाणचे हे तीन लेख हेमाद्रीच्या पूर्वीचे आहेत. पहिल्याचा संबंध कोकणच्या शिलाहारांशी, दुसऱ्याचा यादवांशी व एका जैन मंदिराशी आणि पाटण्याच्या लेखाचा निकुंभांशी आहे. तरीही या सगळ्यांना आपण ‘हेमाडपंती’ या एकाच नावाने ओळखतो.

हा शब्द लोकांनी का स्वीकारला, हेही समजून घेतले पाहिजे. हेमाडपंताभोवती पुष्कळ दंतकथा जमल्या. त्याने लंकेहून मोडी लिपी आणली, बिभीषणाला रोगमुक्त केले आणि त्याच्याकडून मिळालेल्या राक्षसांकरवी ही देवळे उभारली, अशी एक कथा प्रसिद्ध आहे. खानदेशात अशाच जुन्या वास्तूंचे श्रेय ‘गवळी राजा’लाही दिले जाते. एवढे अवजड दगड माणसांनी चढविले असतील यावर विश्वास बसत नाही, तेव्हा लोकमानस राक्षसांची योजना करते. कथा म्हणून तिची गोडी आहेच. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने कथा आणि पुरावा यांतील फरक ओळखला पाहिजे. ‘हेमाडपंती’ हा शब्द चुन्याशिवाय केलेल्या दगडी बांधणीची पद्धत सांगण्यासाठी वापरावयास हरकत नाही. कालनिर्णयासाठी किंवा कर्त्याचे नाव म्हणून मात्र तो वापरू नये.

योगायोगाची गोष्ट अशी, की पाटण्याच्या दुसऱ्या लेखात हेमाडिदेव नावाचा एक पुरुष येतो. पण तो यादवांचा प्रधान नव्हे. तो सोइदेव निकुंभाचा भाऊ आणि त्याच्यामागून सत्तेवर आलेला राजा होय. केवळ नावाच्या साम्यावरून निष्कर्ष काढला तर केवढा घोटाळा होईल, हे यावरून दिसते.

विद्यामठ आणि मराठी

हा दुसरा लेख पाटण्याची खरी कीर्ती आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली तो विद्वानांपुढे आणला, आणि पुढे कीलहॉर्न यांनी त्याचे चिकित्सक संपादन केले. लेखातील शक ११२८ आहे. त्यात सांगितलेल्या चंद्रग्रहणावरून इ. स. १२०७ मधील ९ ऑगस्ट ही तारीख ठरविली जाते. प्रसिद्ध गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी मुख्य ज्योतिषी होता. आजोबांच्या ‘सिद्धांतशिरोमणी’ या ग्रंथाचे आणि घराण्यातील इतर ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून त्याने पाटण्यास एक मठ स्थापन केला. त्या मठाला सोइदेव निकुंभाने उत्पन्न लावून दिले.

लेखाचा मुख्य भाग संस्कृतात आहे. पण उत्पन्नाचा तपशील सुरू होताच भाषा बदलते आणि मराठी येते. या पाटणात जो माल विकावयास येईल त्यावरचा राजाचा हक्क मठाला द्यावा, गिऱ्हाइकाकडून अमुक सुपाऱ्या घ्याव्यात, तेलाच्या घाण्यांकडून अमुक तेल घ्यावे, अशी ती व्यवस्था आहे. राजांची स्तुती संस्कृतात चालली असती. पण तेल्याला आणि वाण्याला आपण काय द्यावयाचे ते कळले पाहिजे, म्हणून तेथे लोकांची भाषा आली. ‘ज्ञानेश्वरी’च्या आधी ८३ वर्षे आपल्या परिसरातील बाजारात मराठी हिशेबाची भाषा म्हणून रुळलेली होती, याचा हा पुरावा आहे. आणि त्या बाजारातल्या सुपारीवर व तेलावर गणिताची एक पाठशाळा चालत होती!

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ चा. ‘सिद्धांतशिरोमणी’ त्यांनी ३६ व्या वर्षी, ११५० साली पूर्ण केला. महादेव मंदिराचा लेख त्यानंतर अवघ्या तीन वर्षांचा आहे. चाळीसगाव तालुक्यातीलच बहाळ येथे शके ११४४ चा लेख आहे. तेथे भास्कराचार्यांच्या भावाच्या वंशातील अनंतदेव या ज्योतिष्याने देवीचे मंदिर बांधल्याचे कळते. मंदिर, मठ आणि ज्योतिषाचा अभ्यास हे सगळे या एकाच टापूत शेजारी शेजारी नांदत होते. चौदाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात यादवांची सत्ता संपली आणि त्यांच्याबरोबर हा राजाश्रयही संपला. मठाची इमारत आज उभी नाही. तिचे स्मरण एका शिळेने राखले आहे.

आपले कर्तव्य

पाटण्याला कोरीव लेख होते, ते वाचणारे भेटले, म्हणून श्रीदेवी, गोवन आणि चांगदेव ही नावे आपल्याला कळली. ज्या शिळेवर चुना फासला गेला, जी पायरी म्हणून उलटी बसविली गेली किंवा जीर्णोद्धाराच्या उत्साहात सिमेंटखाली गेली, तिच्यावरील नावे मात्र कायमची गेली. खेड्यापाड्यांतून वीरगळांना शेंदूर आणि भिंतींना तैलरंग देण्याची प्रथा आहे. त्यामागील भक्तिभाव खरा असतो. पण कोरीव अक्षरे त्यामुळे बुजतात, हेही तितकेच खरे.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी याबाबतीत करण्यासारखे काम अवघड नाही. नांदगाव तालुक्यातील प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावातील जुने देऊळ, बारव, वीरगळ आणि भग्न मूर्ती यांची नोंद करावी. वस्तू कोठे आहे, तिचे तोंड कोणत्या दिशेला आहे, लांबी-रुंदी किती, अक्षरे दिसतात का, गावकरी तिच्याविषयी काय सांगतात, एवढी माहिती लिहावी. छायाचित्र घ्यावे. दगड जागचा हलवू नये, अक्षरांवर खडू किंवा पाणी लावून ती उठावदार करण्याचा मोह टाळावा आणि लेख आढळल्यास पुरातत्त्व खात्यास कळवावे. सुट्टीत घरी गेलेल्या विद्यार्थ्याला यासाठी दोन दिवस पुरतील. अशा शंभर नोंदी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जमा झाल्या तर पुढे येणाऱ्या अभ्यासकाला आपल्या तालुक्याचा इतिहास लिहिण्यास पक्का पाया मिळेल.

आणि पुढच्या वेळी पाटणादेवीला जाणे झाले, तर महादेवाच्या त्या पडक्या मंदिरापाशी जरूर थांबावे. जोत्याचे कोन पाहावेत, दगडांचे सांधे पाहावेत. बरोबरच्या मंडळींनी “हे कोणी बांधले?” असे विचारले, तर निकुंभ इंद्रराजाने आरंभिले, राणी श्रीदेवीने राज्य सांभाळले आणि शके १०७५ मध्ये गोवनराजाच्या काळात ते पुरे झाले, असे त्यांना सांगावे.